‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’चा ऑर्गन: बाखचा किती, फिशरचा किती?

प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडच्या १९६७ सालच्या या गाण्याबद्दल एक पोस्ट फिरते आहे: त्यातला ऑर्गन म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याची जशीच्या तशी उचललेली धून, तीही चर्चच्या पाइप ऑर्गनवर वाजवलेली. दोन्ही चूक.

वाद्य आहे हॅमंड एम-१०२, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन. त्यात ना पाइप, ना भाता. चुंबकांसमोर फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांमधून सूर तयार होतो. तो लेस्ली या फिरत्या भागांच्या स्पीकरमधून बाहेर पडताना हेलकावे घेतो, आणि लोक फसतात ते बहुधा तिथेच.

बाखची छाया मात्र आहेच. पायरी-पायरीने उतरणारा खर्ज ऐकला की त्याच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधली ‘एअर’ आठवणारच. पण त्यावरची सुरावट ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरने रचलेली. हा प्रश्न थेट कोर्टात गेला होता! २००६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने फिशरला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. अपिलात सहरचनाकार म्हणून नाव राहिलं, पैसे गेले; २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तेही मिळवून दिले. दावाच २००५ साली लावल्यामुळे आधीच्या ३८ वर्षांची रॉयल्टी मात्र बुडाली.