तिमाही उणे ३२

स्कॅन केलेल्या बिलांच्या अकराशे फाइली, सगळ्यांची नावं एकाच साच्यातली. इंग्रजीत स्कॅन, मग अंडरस्कोर, मग १४-०८-२०२१ अशी तारीख, परत अंडरस्कोर आणि कशाचं बिल ते. मला फक्त नावातून वर्ष आणि महिना काढून, महिन्यावरून तिमाही ठरवून फाइलीला नवं नाव द्यायचं होतं. हाताने केलं असतं तर दोन संध्याकाळी गेल्या असत्या, पण हाताने करतात ते बाकीचे लोक, आपण बॅच फाइल लिहिणार, म्हणजे विंडोजने ओळीने पाळायच्या कमांडची यादी.

पहिलाच धडा, टक्क्याशिवाय, म्हणजे % या चिन्हाशिवाय, इथे काही हलत नाही. कमांडच्या काळ्या खिडकीत थेट टाइप केलं तर फॉर लूपचं, म्हणजे एकेक फाइल घेऊन तेच काम परत परत करणाऱ्या ओळीचं, एका टक्क्यात भागतं, तीच ओळ फाइलीत टाकली की रेट डबल. दोन टक्के, टिल्ड म्हणजे ~ हे चिन्ह, मग एन म्हणजे नुसतं नाव, एक्स म्हणजे एक्स्टेंशन. बरं, देऊन टाकले.

मग नावाचे तुकडे. सुरुवातीची ५ अक्षरं सोडून २ घेतली की दिवस, ८ सोडून २ घेतली की महिना, ११ सोडून ४ घेतली की वर्ष. हे मी बोटांवर मोजलं, दोनदा. चालवलं तर सगळ्या फाइलींना एकच कचरा, आणि त्याच खिडकीत परत चालवलं तर सगळ्यांना मागच्या वेळच्या शेवटच्या फाइलीचा महिना! कारण म्हणे कंसातला अख्खा लूप आधीच एकदा वाचला जातो आणि टक्क्यातल्या व्हेरिएबलची, म्हणजे ज्या नावाखाली तुकडा साठवलाय त्याची, किंमत तिथेच ठरून जाते, पुढे आत काहीही बदलो. म्हणून डिलेड एक्सपान्शन, म्हणजे किंमत ऐनवेळी बघायची सोय, चालू करायचं आणि टक्क्यांच्या जागी उद्गारचिन्हं लावायची. लावली. तर ज्या बिलांना मीच कधीतरी वैतागून 'अर्जंट!' असं नाव दिलं होतं, त्यांच्यातलं उद्गारचिन्ह हे गिळून टाकणार आणि वर मलाच सांगणार की अशी फाइल सापडत नाही. ती आठ-दहा हाताने बदलली, कुणाला सांगू नका.

आता तिमाही. महिन्यात २ मिळवायचे, ३ ने भागायचं, वरचा अपूर्णांक कॉम्प्युटर आपोआप टाकून देतो, झालं. जानेवारी ते जुलै एकदम मख्खन, मी खुर्चीत मागे रेलून बसलो आणि ऑगस्टला एरर. सप्टेंबरला एरर. ऑक्टोबर परत ठणठणीत. मला वाटलं त्या दोन महिन्यांची बिलंच बिघडलीत, उघडून बघितली चांगली पंधरा-वीस. भानगड अशी की पुढे शून्य असलेला आकडा तो अष्टमान पद्धतीतला समजतो आणि अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नसतात. म्हणजे ०७ पर्यंत त्याची चूक झाकली जाते, ०८ ला उघडी पडते. उपाय काय, तर पुढे १ चिकटवून १०८ करायचे आणि मग १०० वजा करायचे. ८ मिळवण्यासाठी!! शाळेत असं गणित केलं असतं तर पट्टी खाल्ली असती.

शेवटी शहाण्यासारखं नाव बदलायच्या कमांडपुढे एको, म्हणजे 'नुसतं छाप' असं सांगणारी कमांड, लावून आधी नुसतं छापून बघितलं. अकराशे ओळी झर्रकन वर गेल्या, शेवटच्या वीस वाचल्या, छान दिसल्या. एको काढलं, एंटर. सगळं झालं आणि 'झालं' असं छापायच्या ऐवजी खाली एकच ओळ आली, बॅच फाइल सापडत नाही.

फोल्डर उघडून बघितलं. अकराशे बिलं शिस्तीत रांगेत उभी. मी लूपला सांगितलं होतं या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली घे, आणि स्क्रिप्टही, म्हणजे ती बॅच फाइलही, त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. तिचं नाव नावबदल, इंग्रजीत बरोब्बर आठ अक्षरं, ८ सोडून पुढे काहीच शिल्लक नाही. म्हणजे महिना रिकामा, पुढे लावलेला १, त्यातून १०० गेले, उणे ९९, त्यात २, भागिले ३. माझी स्क्रिप्ट तिथेच होती, वर्ष कोरं, तिमाही उणे ३२.