कोण आठवण काढतंय?

पितृपक्षातला रविवार, त्यात अण्णांची तिथी. दादाच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी अकरापासून उडदाचे वडे तळले जात होते. श्राद्धाच्या दिवशी पान कावळ्याला दाखवेपर्यंत कुणी काही तोंडात टाकायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ज्या कुणी हा नियम केला त्याचं घर चौसोपी असणार. वन बीएचकेमध्ये हॉल आणि कढई यांत सहा पावलांचं अंतर असतं आणि वास तर ते अंतरही मानत नाही.

वहिनी फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि मी परातीतला वरचा वडा उचलला. तो अर्ध्या मिनिटापूर्वी कढईत होता, हे तो तोंडात गेल्यावर कळलं. तेवढ्यात वहिनींचा आवाज जवळ आला. थुंकायची सोय नव्हती, चावायची हिंमत नव्हती. अख्खा वडा गिळला, फ्रिज उघडला आणि गार पाण्याची बाटली घटाघटा घशात ओतली.

"उक्."

"भाऊजी, काही हवंय का?"

"नाही. उक्. पाणी घ्यायला आलो होतो."

त्या 'उक्'कडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते गच्चीवर. कठड्यावर पान ठेवलेलं, आम्ही अकरा माणसं हात जोडून उभी, सगळ्यांच्या पोटात कावळे आणि बाहेर एकही नाही. वीस मिनिटांनी एक आला. पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून पान बघितलं, कठड्यावर उतरला, खिरीकडे दोन उड्या मारल्या.

"उक्."

गेला. थेट समोरच्या बिल्डिंगच्या अँटेनावर. अकरा माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला कढी संपल्यावर बघताना पाहिली आहे. दादा दरवर्षीप्रमाणे "अण्णा, गावच्या घराचं यंदा नक्की बघतो" असं पुटपुटत होता. मला खुणेनंच जिना दाखवण्यात आला. मी खाली उतरल्यावर चार मिनिटांत कावळा शिवला म्हणे.

जेवण झाल्यावरही उचकी थांबली नव्हती आणि आता सगळ्यांना वेळ होता. ताप आला की माणसं लांब राहतात, पोट बिघडलं की कुणी तपशील विचारत नाही. उचकी मात्र सार्वजनिक मालमत्ता असते. तिच्यावर उपाय करायचा अधिकार जन्मसिद्ध असतो, आणि ज्याला लागलीय त्याला "तुला काय होतंय?" असं विचारायची पद्धत नाही.

पहिला मान आत्याचा. अण्णांची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी. "कुणीतरी आठवण काढतंय तुझी. मी नावं घेते, ज्या नावाला थांबेल तो." आत्यानं सासूबाईंपासून सुरुवात केली. उक्. मालाडची मावशी. उक्. माझा शाळेतला मित्र, माझा साहेब, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्याकडून मी शिडी आणली होती तो तळमजल्यावरचा शेजारी. उक्, उक्, उक्, उक्. चाळीसेक नावं झाली. या पृथ्वीतलावर एकाही जिवंत माणसाला माझी आठवण येत नाहीये, हे नातेवाइकांसमोर पुराव्यानिशी सिद्ध झालं.

"मग अण्णाच," आत्या म्हणाली.

हॉल गप्प झाला. फोटोला हार होता, समोर उदबत्ती. खरं सांगायचं तर हयातीत अण्णांनी माझी आठवण फक्त गॅसचा सिलिंडर उचलायचा असला की काढली. पण आज त्यांच्या नैवेद्याच्या वड्याचा प्रश्न होता, त्यामुळे मी आत्याचा तर्क मनातल्या मनात नाकारू शकलो नाही.

मग दादानं त्याच्या वैद्य मित्राला फोन लावला. त्यानं आधी अर्धा तास उचकीचं संस्कृत सांगितलं. हिक्का पाच प्रकारची असते. महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. "तुझी अन्नजा दिसते. घाईघाईनं काही खाल्लं होतंस का?" फोन स्पीकरवर होता. मी "नाही" म्हणालो आणि उचकी इतकी जोरात आली की पलीकडून "असं कसं" ऐकू आलं. उपाय दोन. एक, मोरपिसाची राख मधातून चाटवायची. घरात मोरपीस एकच होतं, देवघरातल्या बाळकृष्णाच्या मुकुटात, आणि आत्या त्या दिशेनं बघायला लागल्यावर वहिनींनी देवघराचा पडदा ओढला. दुसरा उपाय चरकांनीच सांगितलेला: अचानक गार पाणी शिंपडावं, दचकवावं, घाबरवावं, राग आणावा किंवा आनंद द्यावा. पहिले चार प्रयोग आमच्या घरच्यांनी तासाभरात आटोपले. पाचव्याकडे कुणी वळलं नाही.

घाबरवायचं काम आत्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. लहानपणी उचकी लागली की ती असंच करायची. एकदम आवाज चढवून आळ घ्यायचा, म्हणजे पोर दचकतं आणि उचकी पळते. मी सुपारी घ्यायला वाकलो होतो. आत्यानं माझं मनगट धरलं.

"खरं बोल! नैवेद्याआधी वडा चोरून खाल्लास ना?"

माझं काळीज थांबलं, त्यामुळे अर्थातच उचकीही थांबली. दीड मिनिट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आत्यानं पदर सावरला, "जुने उपाय ते जुने" असं कुणीतरी म्हणालं. पुढे जे घडलं ते मी लपवणार नाही. वहिनी परातीकडे बघून सहज म्हणाल्या, "तरीच एक कमी वाटत होता," आणि हसल्या. हसण्यात विनोद किती आणि हिशेब किती हे मला कळेना. उक्.

एवढं झाल्यावर पुतण्यानं मोबाइल काढला. त्याचा पहिला शोध मात्र मला मनापासून आवडला. १९७१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय म्हणे, चमचाभर कोरडी साखर गिळली आणि वीसपैकी एकोणीस जणांची उचकी थांबली. माझी शुगर बॉर्डरवर आहे. गेले आठ महिने बायकोनं साखरेचा डबा माळ्यावर ठेवलाय. मी तिच्याकडे बघून असहायपणे खांदे उडवले आणि शास्त्राला शरण गेलो. पहिल्या चमच्यानं थांबली नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यानं नाही म्हणून तिसरा. चौथ्याला बायकोनं डबा काढून घेतला. "अहो, तुम्ही त्या वीसातले विसावे आहात. बास."

दुसरा शोध धीर द्यायला होता. आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबॉर्न नावाच्या माणसाला १९२२ साली कापायच्या डुकराचं वजन करताना उचकी लागली ती १९९० पर्यंत. अडुसष्ट वर्षं. सुरुवातीला मिनिटाला चाळीस, नंतर वीस. मधल्या काळात त्यानं दोन लग्नं केली, आठ मुलं झाली.

"आणि थांबल्यावर?" आत्यानं विचारलं.

"पुढच्या वर्षी गेला. सत्त्याण्णव वर्षांचा होऊन."

आत्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "मग असू दे तुझी," ती म्हणाली.

तिसरा शोध त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "काका, हे बघा, खात्रीचा उपाय! अमेरिकेतले डॉक्टर फेस्मायर, १९८८. यासाठी त्यांना २००६ मध्ये नोबेल... नाही, इग नोबेल मिळालंय. हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते. रुग्णाला कुशीवर झोपवून..." इथे तो थांबला. ओठ हलत राहिले, आवाज बंद झाला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"वाच की रे, काय करायचं ते. आम्ही करतो," आत्या म्हणाली.

"नको आजी. ते डॉक्टरांनीच करायचं असतं."

सोमवारी सकाळी उचकी, डबा आणि मी असे तिघं लोकलमध्ये चढलो. आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. मी चौथ्या सीटवर टेकलो आणि दिव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की उचकी नेमकी समेवर पडतेय. टाळवाल्या काकांच्याही लक्षात आलं. त्यांनी एक-दोनदा मान डोलावून दाद दिली. मुंब्र्याच्या पुढे भजनाची लय वाढली, माझी वाढेना. उचकी आधी खालीवर आणि मग भलत्याच मात्रेवर पडायला लागली, तेव्हा मृदंगवाल्यानं हात थांबवून विचारलं, "साहेब, तुम्ही ठाण्याला उतरता का?" मी खरं तर सीएसएमटीला उतरतो.

ऑफिसचं सांगत नाही. फोनवरच्या एका ग्राहकानं "तुम्ही रडताय का?" असं विचारलं, एवढं पुरे.

संध्याकाळी सव्वासातला डॉक्टरांकडे गेलो. बायको बरोबर होती, कारण मला वाक्य पुरं करता येत नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "किती तास?" "एकतीस," ती म्हणाली. "मग अजून साधी आहे. अठ्ठेचाळीसच्या वर गेली की आम्ही तिला चिवट म्हणतो आणि महिन्याच्या वर गेली की हट्टी." एकतीस तास सोसून मला साधा हा शेरा मिळाला होता. दहावीच्या निकालानंतर इतकं वाईट वाटलं नव्हतं.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखं श्वासपटल असतं, ते मध्येच आचका देतं. हवा आत ओढली जाते, तेवढ्यात वरचं स्वरयंत्राचं दार धाडकन मिटतं, त्याचा आवाज म्हणजे उक्. या पटलाची नस मानेतून खाली येते आणि दुसरी एक मेंदूतून निघून कान, घसा, छाती, पोट असं सगळीकडे फिरते. वाटेत कुठेही खाजवलं की पटल उडतं. पोट फुगलं, घाईनं खाल्लं, गरमावर गार प्यायलं, अ‍ॅसिडिटी झाली, अगदी कानाच्या पडद्याला केस टोचत असला तरी. मी लगेच कानात करंगळी घातली. डॉक्टर म्हणाले, "तुमचं कानाचं नाही." मग त्यांनी सांगितलं की ही सवय आपण आईच्या पोटात असल्यापासूनची आहे. पॅरिसमधल्या काही संशोधकांनी २००३ साली असाही तर्क मांडलाय की कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या आपल्या बेडकासारख्या पूर्वजांचं ते उरलेलं वळण असावं.

"म्हणजे पूर्वजांचंच," बायको म्हणाली. "आत्या तेच म्हणाल्या."

डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी लिहिली. "उद्या दुपारपर्यंत थांबली नाही तर दुसरी देईन. ती मुळात मनोविकारांची आहे, पण उचकीवरही चालते."

"ती आजच द्या," बायको म्हणाली.

निघताना मी धीर करून विचारलं, "आणि डॉक्टर, तो... उक्... अमेरिकेतला १९८८ चा?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाचलंत वाटतं तुम्ही. तो आपण अठ्ठेचाळीसच्या पुढे बघू." दारातून मागे वळून बघितलं तर ते हात धूत होते. रोजच धूत असतील.

रात्री झोप लागली तशी नाही, तुकड्या-तुकड्यांनी आली. डोळा लागतोय म्हणेपर्यंत पलंग हलायचा. तीन वाजता बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली. मी अंधारात अण्णांना उद्देशून थोडं बोललो. एकच होता, अण्णा, आणि त्याची चवसुद्धा कळली नाही. उत्तर आलं ते उक्.

मंगळवारी सकाळी पाणी सहा ते सात एवढंच येतं. मी पिंप भरलं, बादल्या भरल्या, कळशी भरली, मोटार बंद केली. बायको चहा गाळता गाळता थबकली.

"अहो, उचकी?"

मी ऐकत उभा राहिलो. नळ ठिबकत होता, बाकी काही नाही. कधी गेली ते कळलंच नाही. एवढा गाजावाजा करून आलेली, आणि जाताना साधं सांगूनही गेली नाही.

श्रेयाचं वाटप दुपारपर्यंत फोनवर चाललं. आत्याच्या मते नावं घेतल्यानं, पण उशिरा लागू पडलं. वैद्य मित्राच्या मते पाणी भरण्याच्या श्रमानं वायू खाली सरकला. पुतण्या म्हणाला, तीन चमचे साखरेचा एकत्रित परिणाम. डॉक्टरांनी बिलातूनच श्रेय घेतलं होतं. मी सगळ्यांचे आभार मानले.

यंदा तिथी शुक्रवारी आली. वहिनींनी तळण सुरू करायच्या आधी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि प्रत्येक घाण्यानंतर आकडा मोठ्यानं म्हटला. मी हॉलमध्ये फोटोखाली पेपर वाचत बसलो. वडे मोजलेले होते. अळूवड्या मात्र सकाळीच करून हॉलमधल्या टेबलावर झाकून ठेवल्या होत्या आणि त्या कुणी मोजल्या नव्हत्या.

बाराला आम्ही सगळे गच्चीवर. कावळा टाकीवर येऊन बसला, मान वाकडी केली, कठड्यावर उतरला.

"उक्."

मी नव्हतो. सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि शेजारी बघितलं. पुतण्या ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून, आकाशाकडे बघत उभा होता. मी आत्याला काही सांगितलं नाही. फक्त उजव्या हाताची तर्जनी हळूच वर केली.

एकदम थांबली.