कासवाच्या खुंटीखाली

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ला निघाला आणि २९ जूनला, मधल्या दुरुस्तीसकट, मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरच्या ग्रुपवर कडाक्याची भांडणं झाली. हिंदी हवी म्हणणाऱ्यांचं एक वाक्य मात्र कुणी खोडत नव्हतं: लहान मुलं भाषा पटकन उचलतात. स्टुटगार्टला येईपर्यंत मीही तेच म्हणायचे.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना इथल्या बालवाडीत जायला लागली. घरी तोंडाला उसंत नाही आणि तिथे पाच महिने चकार शब्द नाही. तिच्या कोटाच्या खुंटीवर कासवाचं चित्र होतं. न्यायला गेलं की ती त्या कासवाखालच्या बाकावर बसलेली असायची, आणि पिशवीत बऱ्याचदा ओली चड्डी. शू आली हे कसं सांगायचं, ते तिला माहीत नव्हतं. रात्री बाहुलीला मराठीत दटावायची, "बोल ना गं, बोलत का नाहीस?" मग मार्चमध्ये एक दिवस झोपाळ्यावरून ओरडली, "नोखमाल!" म्हणजे, पुन्हा एकदा. आता तर मला जर्मन व्याकरण शिकवते.

तेव्हा ते वाक्य खोटं नाही. पण त्यातल्या 'पटकन'मध्ये किती ओल्या चड्ड्या असतात, हे मला त्या खुंटीपाशी कळलं.

एका पोरीवरून राज्याचं धोरण ठरत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय तिला दिवसभर जर्मनच ऐकायचं होतं. हिंदीचा एखादा तास म्हणजे ते नव्हे. तिची गत ज्याच्याशी जुळते ते मूल वेगळंच आहे. मेळघाटात घरी कोरकू किंवा धडगावला पावरी बोलणारं, आणि पहिलीत एकदम मराठीसमोर बसणारं. आमच्या ग्रुपवर त्याचा विषय एकदाही निघाला नाही. मीही काढला नाही. मी पुण्यात वाढले, घर मराठी, शाळा मराठी. मराठी कुणाला परकी वाटत असेल हे वाचलं होतं, पण ते कधी पोटात उतरलं नव्हतं.

पुढचं धोरण ठरवायला डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. माझी एवढीच मागणी आहे, अशा वस्त्यांवरच्या पहिलीच्या बाईंना आधी विचारा: पाणी, भूक, दुखतंय, शू, हे चार शब्द मुलांच्या बोलीत तुम्हाला येतात का, आणि नसतील तर ते शिकायला तुम्हाला कुणी मदत केली का?