ब्रेकमधली हवा

आज सकाळी जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंनी माझ्यादेखत वरच्या मजल्यावरच्या काकांचे अभिनंदन केले. "तुम्ही त्या जुन्या फियाटचे ब्रेक दुरुस्त केलेत म्हणे," असे त्या म्हणाल्या, आणि काकांनी मान किंचित खाली घालून, सत्काराला उत्तर देणाऱ्या थोर पुरुषाच्या विनयाने सांगितले, "अहो, माझं एकट्याचं काय आहे त्यात? यांनीही पाने-बिने दिले मला." यातले 'हे' म्हणजे मी. ती फियाट माझी आहे, तिचे ब्रेक माझे आहेत आणि पानेही माझेच आहेत. काकांचे त्या कामातले योगदान एका उजव्या पायापुरते होते, आणि तो पायही त्यांनी नको तेव्हा उचलला होता.

गाडी म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली प्रीमियर पद्मिनी. तिला आमच्या पिढीतली माणसे फियाटच म्हणतात आणि त्यात काही गैर नाही, कारण इटलीत 1953 साली आलेल्या फियाट 1100 या गाडीचीच ती कुर्ल्याच्या कारखान्यात वाढलेली वंशज आहे. 1964 साली तिचे नाव डिलाइट झाले आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, एवढाच तिचा संसार. ती का चालत नव्हती हे सांगत बसत नाही. वर्षानुवर्षे एका जागी उभी असलेली कोणतीही गाडी ज्या कारणांनी चालत नाही, त्या सर्व कारणांनी ती चालत नव्हती.

घराच्या दारात गाडी उघडली की ती सार्वजनिक मालमत्ता होते, ही माहिती दुरुस्तीच्या कोणत्याही पुस्तकात दिलेली नसते. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबतो, आत डोकावतो आणि एकच प्रश्न विचारतो, "रंग कोणता देणार?" या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची काया हीच तिची चौकट आहे. त्यामुळे दारांखालची पत्र्याची पोकळ तुळई गंजली, तर ते नुसते दिसण्याचे दुखणे उरत नाही. तो पत्रा कापण्याआधी दारांच्या पोकळीत लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावे लागतात, नाहीतर गाडी मध्येच खचते आणि नवा पत्रा बसल्यावर दारे जन्मात नीट लागत नाहीत. पूर्वीच्या कोणा कारागिराने या गंजावर चक्क लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर झकास रंग मारला होता, इतका झकास की लोहचुंबक लावून पाहिल्याशिवाय पत्रा कुठे संपतो आणि लांबी कुठे सुरू होते हे कळत नव्हते. मी ती सगळी लांबी खरवडत, नाकातोंडात धूळ घेऊन बसलेलो असताना लोक मला रंग विचारत होते. त्या कारागिरालाही लोकांनी हेच विचारले असणार आणि त्याने बिचाऱ्याने लोकांचे ऐकले असणार.

काका मात्र रंग विचारत नाहीत. ते दर रविवारी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली येतात आणि देखरेख करतात. त्यांनी स्वतः कधी गाडी घेतलेली नाही, चालवलेली तर नाहीच, पण त्यांच्या मामांकडे अँबॅसडर होती आणि त्या एका भांडवलावर त्यांचा यंत्रशास्त्रातला सगळा व्यवहार चालतो. गेल्या रविवारी मी ब्रेकच्या टाकीत काय ओततो आहे याची त्यांनी चौकशी केली.

"ब्रेक ऑइल," मी म्हणालो.

"एवढीशी बाटली? त्यापेक्षा इंजिनाचं उरलेलं असेल की तुमच्याकडे. तेच ओता."

"ते चालत नाही, काका. त्याने आतली रबरं फुगतात आणि ब्रेक अडकून बसतात."

"तेल ते तेल. मामांच्या अँबॅसडरमध्ये कोण एवढं बघत होतं?"

"मग मामांचे ब्रेक लागत होते का?"

"मामा गाडी हळू चालवायचे," काका म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

वस्तुतः ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नसतेच. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे नवे द्रव निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे, पण पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून ड्रम तापले आणि असले मुरलेले द्रव उकळले, की नळ्यांत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. म्हणून बाटलीचे झाकण लगेच लावायचे असते. हे सर्व मी काकांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बाटलीचे झाकण उघडून वास घेतला. हेच द्रव रंगावर सांडले तर रंगाचे पापुद्रे निघतात हे सांगायच्या आधी बाटली बॉनेटवर ठेवून झाली होती. बॉनेटला अजून रंगच दिलेला नाही, ही त्या दिवसातली एकमेव भाग्याची गोष्ट.

ब्रेकच्या नळ्या उघडल्या की त्यांत हवा शिरते आणि तीही वाफेसारखीच दाबली जाते, म्हणून ती काढावी लागते. आता ही हवा काढायला दोन माणसे लागतात, आणि घरातली सगळी माणसे त्या दिवशी अचानक कामात होती. एकाने आत बसून पेडल काही वेळा दाबायचे आणि मग दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकाशी आडवे पडून चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, पाव आटा सैल करायचे, म्हणजे नळीतून बुडबुड्यांसकट द्रव बरणीत येते. निपल पुन्हा घट्ट झाले की मगच पेडल सोडायचे. पेडलच्या जोराने द्रव नळ्यांत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करायची. निपल उघडे असताना पेडल सुटले, तर निघालेली हवा आल्या वाटेने परत आत जाते. सगळ्या कामाची मेख एवढीच आहे आणि ती मी काकांना दोनदा समजावून सांगितली. "हे तर लहान मूलही करील," असे म्हणून ते चालकाच्या जागेवर बसले, आणि मी डाव्या मागच्या चाकाशी जमिनीवर आडवा झालो.

"दाबा," मी खालून ओरडलो.

"दाबलं."

"आता धरून ठेवा."

"काय धरू?"

"पेडल."

"हाताने?"

"पायानेच, काका. आहे तसंच दाबून ठेवा, सोडू नका." मी निपल सैल केले. बरणीत बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच मला या गाडीविषयी प्रेम वाटले.

"किती वेळ धरायचं?" वरून प्रश्न आला.

"मी सांगेपर्यंत."

"सांगाल म्हणजे काय सांगाल?"

"'सोडा' असं सांगेन."

आणि काकांनी सोडले.

सगळे बुडबुडे माझ्या डोळ्यांसमोर नळीतून उलटे वर गेले. मी काही बोललो नाही. वयाने मोठ्या माणसाला काय बोलायचे याचे जे संस्कार आपल्यावर झालेले असतात ते बहुधा अशाच प्रसंगांसाठी केलेले असावेत, कारण एरवी त्यांचा काही उपयोग झालेला मला आठवत नाही. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी काकांनी पेडल नेमके धरले, मी निपल उघडले, आणि त्यांचा फोन वाजला. जावयांचा होता. "गाडीखाली आहे," काका म्हणाले, जे खरे नव्हते. "हो, जुनी फियाट. ब्रेकचं काम काढलंय. नाही नाही, मीच करतोय. आहे एक जण खाली, हाताशी." मग आवाज नीट येईना म्हणून ते फोनसह गाडीतून उतरून फाटकापर्यंत गेले. पाय अर्थातच त्यांच्याबरोबर गेला.

परत आल्यावर मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या त्या नटातच काहीतरी दोष आहे. मी बरोबर दाबतोय."

शेवटी मी शब्दांचा व्यवहारच बंद केला. पान्याने चाकावर एकदा ठोकले की दाबायचे, दोनदा ठोकले की सोडायचे, असे ठरवले. ही पद्धत जवळजवळ यशस्वी झाली असती, पण निरोप पोचला हे मला कळावे म्हणून काका वरून डॅशबोर्डवर उलट ठोकू लागले, आणि चौथ्या चाकापर्यंत कोणाचे ठोके कोणासाठी आहेत हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. तरीही ते पेडल कधीतरी घट्ट झाले. कसे झाले ते देव जाणे, पण झाले. काकांनी दार उघडले, एक पाय बाहेर टाकला आणि सर्व गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "झाले ब्रेक!"

माझे खरे दुखणे इथे आहे. त्या घोषणेच्या आधीचे कित्येक रविवार मी त्या गाडीखाली काढले होते. गंजून फुटायला आलेल्या लोखंडी नळ्या उतरवून नव्या नळ्यांना बाक दिले, त्यांच्या टोकांना दुहेरी कड पाडली, अडकलेले व्हील सिलिंडर सोडवून आतून घासले, आणि रबरांचा पहिला संच पुडीतून काढतानाच चिरलेला निघाला म्हणून दुसरा मागवला. विक्रेत्याने पहिल्या संचाबद्दल जराही खंत न दाखवता "जुन्या गाडीला जुनंच सामान मिळणार" असे सुनावले, जणू काही रबर चिरणे ही त्या गाडीला दाखवलेली निष्ठाच होती. यातले काहीही कोणाला दिसले नाही, कारण गाडीखाली पडलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात आणि पायांवरून माणूस काय करतो आहे हे ओळखता येत नाही. दार उघडे ठेवून चालकाच्या जागेवर बसलेला माणूस मात्र सगळ्या गॅलऱ्यांतून दिसतो.

आणि ही माणसे गाडीवर प्रेम करत नाहीत असेही नाही, तेच तर चीड आणणारे आहे. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा काळ्यापिवळ्या टॅक्सीची छायाचित्रे एकमेकांना पाठवून हळहळणारी हीच मंडळी होती. तीच माणसे त्याच जातीची खरी गाडी दारात दिसली की "ही जागा कधी मोकळी होणार?" असे विचारतात. काकांचे याबाबतचे धोरण वेगळे आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम 2021 साली आले हे त्यांनी कुठेतरी वाचले आहे आणि ही गाडी पन्नाशीची होईल त्या दिवशी ती विकून आपण दोघांनी काय करायचे, याचे बेत त्यांच्या मनात पक्के आहेत. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. "मग एवढे ब्रेक कशाला केले आपण?" असे त्यांनी विचारले. त्यातला 'आपण' मी ऐकून सोडून दिला, आणि आजच्या जिन्यातल्या प्रसंगाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

दरम्यान मी एकट्याने हवा काढता येईल अशी, टोकाला एकमार्गी झडप असलेली नळी मागवली. तिच्यातून द्रव बाहेर जाते, पण हवा उलटी आत येत नाही, त्यामुळे पेडल दाबणाऱ्याने केव्हा सोडावे याने फारसा फरक पडत नाही. मुख्य म्हणजे तिला जावई नाहीत. आज संध्याकाळी मी एकट्यानेच आतबाहेर करत चारही चाकांची हवा पुन्हा काढली, आणि शेवटची म्हणून निपले तपासायला गाडीखाली शिरलो, तोच खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे काय, मला न बोलावता?" काका म्हणाले. मी खालूनच काहीतरी पुटपुटलो. ते आत बसले, त्यांनी पेडल दाबून पाहिले, समाधानाने हुंकार दिला, मग स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला. काही वाजले नाही. त्यांनी पुन्हा, जोर लावून दाबला. "अहो, हॉर्न कुठे वाजतोय?" असे म्हणत ते उतरले आणि जिन्याच्या तोंडाशी कोणीतरी भेटले त्याला सांगू लागले, "ब्रेकचं माझं झालं, पण यांच्याकडचं अजून बरंच काम बाकी आहे." वेल्डिंगसाठी बॅटरी केव्हाच काढून ठेवलेली आहे हे सांगायला मी गाडीखालून बाहेर येईपर्यंत ते दुसऱ्या मजल्यावर पोचले होते.