‘हप्ता थकला की अटक होते’ या संदेशाला उत्तर

मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जांविषयी एक संदेश हितोपदेश म्हणून सर्वत्र पाठवला जातो. त्यातले म्हणणे असे की, हप्ता थकला की पोलीस घरी येऊन अटक करतात. कर्ज घेताना आपणच परवानगी दिलेली असल्यामुळे वसुलीवाले नातेवाइकांना आणि कार्यालयात फोन करू शकतात. आणि थकबाकीदाराची तक्रार कोणी घेत नाही, म्हणून मागतील तेवढे मुकाट्याने भरावे. हा सल्ला घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवतो, आणि तो कायद्याला धरून नाही.

पैसे फेडता न येणे ही दिवाणी बाब आहे. कर्ज देणाऱ्याने दावा दाखल करावा, हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचा निकाल मिळवावा आणि दरखास्त करून, म्हणजे त्या निकालाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करून, वसुली करावी, हा कायद्याचा मार्ग आहे. दरखास्तीत दिवाणी तुरुंगवासाची तरतूद आहे हे खरे. परंतु केवळ गरिबीमुळे पैसे देऊ न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही, त्याचा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात १९८० सालीच सांगितले आहे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करताच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ तसे स्पष्ट म्हणते. ‘उद्या पोलीस पाठवतो’ असे ऐकून रात्र जागून काढणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत हे कलम पोहोचायला हवे.

अटकेच्या म्हणण्याला थोडा आधार आहे, तो लपवू नये. खोटी कागदपत्रे देऊन कर्ज घेतले असेल, तर तो फसवणुकीचा प्रश्न होतो. खात्यात पैसे नसल्यामुळे धनादेश वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे (धनादेशांविषयीच्या कायद्याचे) कलम १३८ लागू होऊ शकते, आणि ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, परत गेले, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र त्याआधी कर्ज देणाऱ्याला बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, पैसे भरण्यास १५ दिवस द्यावे लागतात, आणि त्यानंतरच न्यायालयात तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटाने पाठवलेले ‘अटक वॉरंट’ या प्रक्रियेत कुठेच बसत नाही.

परवानगीचा मुद्दा तर पूर्णपणे चुकीचा आहे. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोटो यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आणि मे २०२५ च्या निर्देशांत ते कायम ठेवले. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करणे, चारचौघांत अपमान करणे, कुटुंबीयांना व मित्रांना त्रास देणे, निनावी धमक्या देणे हे सारे निषिद्ध आहे, आणि एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच राहते. बिनपरवाना अ‍ॅप हे नियम जुमानत नाहीत; पण फौजदारी कायदा त्यांनाही लागू आहे.

तक्रारीला जागा नाही, हेही खरे नाही. शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला इजा करण्याची धमकी देऊन घाबरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खालील गुन्हा आहे, मग धमकी देणाऱ्याचे पैसे खरोखर येणे असोत वा नसोत. फोटोत फेरफार करून तो अश्लील स्वरूपात पसरवल्यास माहिती तंत्रज्ञान कायदाही लागू होतो. म्हणून संदेश पुसू नयेत. क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवून सायबर पोलिसांकडे जावे. बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था असेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क दाद मागावी.

घेतलेली रक्कम आणि ठरलेले व्याज यामुळे माफ होत नाही. ते देणे राहतेच. पण वसुली एजंट नेमल्यास त्याचा तपशील, त्याने संपर्क साधण्यापूर्वी, संस्थेने एसएमएस किंवा ई-मेलने कर्जदाराला कळवला पाहिजे. ज्याचे नाव असे कळवलेले नाही, त्याच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही पाठवू नये. पैसे संस्थेच्याच खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी.