‘सामंजस्य करार म्हणजे नुसता कागद’ हे खरे नाही

प्राध्यापक, पालक आणि संस्थाचालक यांच्या गटांमध्ये गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा: परदेशी विद्यापीठाशी होणारा सामंजस्य करार (एमओयू, म्हणजे एकत्र काम करण्याची दोन संस्थांची लेखी सहमती) कायद्याने बंधनकारक नसतो, म्हणून तो बारकाईने वाचण्याची गरज नाही, कुलगुरूंची सही झाली की काम झाले, पुढच्या समित्या आणि मंजुऱ्या ही लालफीत आहे, करार झाला की इथल्या विद्यार्थ्याला परदेशी पदवी आपोआप मिळते, करार जितके जास्त तितके विद्यापीठ क्रमवारीत वर, आणि जमले नाहीच तर करार सोडून देता येतो, त्यात कोणाचे काही जात नाही. मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात असे मसुदे वाचण्याचे काम केले आहे. या पाचही विधानांवर विसंबून निर्णय घेतले जातात आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा विद्यार्थी मोजतो, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी या मजकुरातला खरा अंश मान्य करतो. अनेक सामंजस्य करार सहीच्या दिवसानंतर कोणी उघडूनही पाहत नाही. पाच वर्षांची मुदत संपते, नूतनीकरण होत नाही, आणि एकही विद्यार्थी किंवा अध्यापक त्या कराराखाली कुठे गेलेला नसतो. ही वस्तुस्थिती आहे. पण करार वापरला गेला नाही यावरून तो निरर्थक होता असे सिद्ध होत नाही. तो राबवण्याची जबाबदारी कोणावर सोपवली नव्हती, एवढेच त्यातून कळते.

पहिले विधान बंधनकारकतेचे. भारतीय करार कायदा, 1872 कागदाच्या मथळ्यावर काही ठरवत नाही. सक्षम पक्षांची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असेल, तर वर ‘सामंजस्य करार’ लिहिले आहे म्हणून आतली बंधने नाहीशी होत नाहीत; न्यायालय मजकूर आणि पक्षांचा हेतू पाहते. ‘हा करार बंधनकारक नाही’ असे कलम बहुतेक मसुद्यांत असते हे खरे, पण त्याच वाक्यात ‘गोपनीयता, बौद्धिक संपदा आणि वादनिवारण यांची कलमे वगळून’ असे शब्द पुष्कळदा असतात, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच सुटतात. शिवाय मुख्य करार दोन पानांचा असला तरी शुल्क, जागांची संख्या आणि संशोधनाच्या निष्कर्षांची मालकी या गोष्टी पुढे परिशिष्टांत येतात, आणि परिशिष्टावर सही करताना कोणीही ते बंधनकारक नाही असे म्हणत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे करार काहीही म्हणो, देशाचा कायदा लागू असतोच. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 39 नुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला पूर्वपरवानगीशिवाय परदेशात थेट पेटंटसाठी अर्ज करता येत नाही. एक तर परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून किमान सहा आठवडे थांबावे लागते. आता समजा, संयुक्त प्रकल्पातील शोधाचा अर्ज परदेशी विद्यापीठाचे कार्यालय आपल्या देशात करून मोकळे झाले आणि शोधकांच्या यादीत पुण्यातल्या प्रयोगशाळेतील संशोधिकेचे नाव आहे. अडचण तिच्यावर आणि तिच्या विद्यापीठावर येते, भारतातला पेटंटचा हक्कही धोक्यात येतो, आणि करारात या कलमाचा उल्लेखसुद्धा नसतो. सह्याद्रीतील वनस्पतींवर काम करणाऱ्या विभागांना तर आणखी एक कायदा ठाऊक असायला हवा. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे परदेशी संस्थेला भारतातील जैविक संसाधने संशोधनासाठी मिळवायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. सहकार्याच्या संशोधन प्रकल्पांना सूट आहे, पण तो प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर झालेला असेल तरच. वनस्पतींचे नमुने पाकिटात घालून पाहुण्या प्राध्यापकांच्या हाती देणे हा आदरातिथ्याचा भाग समजला जातो, आणि तिथेच चूक होते. ज्या करारामागे असे कायदे उभे आहेत त्याला नुसता कागद म्हणता येणार नाही.

दुसरे विधान सहीचे. कुलगुरू विद्यापीठाचे प्रमुख आहेत, पण विद्यापीठ म्हणजे कुलगुरू नव्हेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांची कामे वेगळी केलेली आहेत आणि राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळाचीही तरतूद आहे. ही रचना कामात खीळ घालण्यासाठी केलेली नाही. पैसा आणि दायित्व यांचा विचार एका ठिकाणी होतो, अभ्यासक्रम आणि समकक्षता यांचा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही झाल्याशिवाय विद्यार्थ्याला दिलेले आश्वासन पाळता येत नाही. काही बाबतींत तर मंजुरी विद्यापीठाच्या बाहेरूनही लागते: चिनी संस्थांशी करार करण्यापूर्वी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांची संमती घ्यावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2019 मध्ये विद्यापीठांना कळवले होते. तिथे एकट्या सहीने काम झाले असे म्हणणे म्हणजे विद्यापीठाला अडचणीत ढकलणे होय.

विद्या परिषदेची गरज का असते हे एका उदाहरणाने सांगतो, कारण याच ठिकाणी सर्वाधिक नुकसान होताना मी पाहिले आहे. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) पद्धतीत पूर्ण वर्षाचा अभ्यास 60 श्रेयांकांचा आणि साधारण 1500 ते 1800 तासांचा धरतात. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला 1200 तास आणि 40 श्रेयांक आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला 30 तास. एक विद्यार्थिनी सहामाहीसाठी युरोपात गेली आणि 30 श्रेयांक घेऊन परतली. वर्षाच्या प्रमाणात पाहिले तर ते आपल्याकडचे 20 होतात. तासांच्या हिशेबाने पाहिले तर 25 ते 30. दोन्ही पद्धतींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. कोणती वापरायची, तिथल्या श्रेणीचे इथल्या गुणांत रूपांतर कसे करायचे, तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे ती विमानात बसण्याआधी अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद यांनी ठरवून लेखी दिले पाहिजे. आमच्याकडे ते ठरलेले नव्हते. करारावर सही होती, छायाचित्र होते, परीक्षा विभागाकडे मात्र तक्ता नव्हता. परीक्षा विभागाने नियमावर बोट ठेवून तिचे गुणपत्रक अडवले, आणि त्यात त्या विभागाचा दोष नव्हता. तिला दोन विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ज्याला लालफीत म्हणतात त्या एका ठरावाने तिचे सहा महिने वाचले असते.

तिसरे विधान सर्वांत धोकादायक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून पालक कर्ज काढतात. करार झाला म्हणजे परदेशी पदवी मिळाली, असे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांत सहकार्याचे तीन प्रकार आहेत आणि त्या तिन्हींत पदवी कोण देते याचे उत्तर वेगवेगळे आहे. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी काही भाग परदेशी संस्थेत शिकतो, पण तिथले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या 30 टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत आणि पदवी भारतीय संस्थाच देते. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेकडून किमान 30 टक्के श्रेयांक घ्यावे लागतात आणि दोन्ही संस्थांची चिन्हे असलेले एकच प्रमाणपत्र मिळते. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी स्वतंत्रपणे देतात, मात्र त्यासाठी दोन्हींच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे जाहिरातीत ‘परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने’ असे लिहिले असेल आणि अभ्यासक्रम ट्विनिंगचा असेल, तर हाती येणारी पदवी पूर्णपणे भारतीय आहे. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती वेगळी आहे, आणि शुल्क भरण्याआधी हे कळण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे.

असा करार कोणीही करावा असेही नाही. उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’कडून किमान 3.01 गुणांक मिळालेली किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात असलेली संस्था, अथवा केंद्राने ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ (विशेष गुणवत्तेची संस्था) हा दर्जा दिलेली संस्था, जागतिक क्रमवारीतील पहिल्या हजारांतल्या विद्यापीठाशी थेट सहकार्य करू शकते. इतरांना आयोगाची मान्यता घ्यावी लागते. फ्रँचायझी पद्धतीला, म्हणजे परदेशी संस्थेचे नाव घेऊन तिचे अभ्यासक्रम इथे चालवण्याला, मनाई आहे आणि हे विनियम ऑनलाइन व दूरस्थ अभ्यासक्रमांना लागू नाहीत. मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांच्या पदव्या काही एडटेक कंपन्या ऑनलाइन देत आहेत, त्या ग्राह्य नाहीत, असा इशारा आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये दिला, तो याच पार्श्वभूमीवर. परदेशी विद्यापीठाने भारतात स्वतःचे संकुल उघडणे ही आणखी निराळी गोष्ट असून तिला 2023 चे वेगळे विनियम लागू होतात. जून 2025 मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे (परवानगी देण्याचा इरादा कळवणारी पत्रे) दिली गेली तेव्हा ‘आता आपल्या महाविद्यालयातही परदेशी पदवी’ असे संदेश फिरले. इरादापत्रे नवी मुंबई परिसरातील त्यांच्या स्वतःच्या संकुलांसाठी होती. इथल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या पदवीत त्यामुळे बदल झाला नाही.

करारांच्या संख्येविषयी फार लिहिण्याची गरज नाही. क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याचा निकष आहे, पण तो परदेशी सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांवरून मोजला जातो, सह्यांवरून नाही. नॅकच्या निकषांत करारांची संख्या विचारली जाते हे खरे आहे, मात्र तिथेही ‘कार्यरत’ करार असा शब्द आहे आणि प्रत्येकाखाली काय घडले याचा पुरावा लागतो. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचे मोनाश विद्यापीठ यांनी 2008 पासून संयुक्त संशोधन अकादमी चालवली आहे: पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक आणि पदवीवर दोन्ही संस्थांची नावे. असा एक करार सांभाळायला जी माणसे, जो पैसा आणि जो वेळ लागतो त्याचा विचार केला, म्हणजे पन्नास करार एका उपकुलसचिवाच्या टेबलावर ठेवून काय होणार हे सांगावे लागत नाही.

राहिले शेवटचे विधान, करार सोडून देण्याचे. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर (एनयूएस) यांचे ‘येल-एनयूएस कॉलेज’ हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. 2011 मध्ये करार झाला, 2013 मध्ये पहिली तुकडी आली. मधल्या काळात, एप्रिल 2012 मध्ये, येलच्या अध्यापकांनी सिंगापूरमधील नागरी आणि राजकीय स्वातंत्र्याविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव संमत केला. म्हणजे अध्यापकांचा विचार करार झाल्यानंतर नोंदवला गेला. कॉलेजच्या नावात येल असले तरी पदवी एनयूएसचीच होती. ऑगस्ट 2021 मध्ये एनयूएसने हे कॉलेज बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि विद्यार्थी व अध्यापक यांना तो अचानक कळला. दोन मोठ्या, श्रीमंत आणि अनुभवी संस्थांमधला करार संपवण्याचा निर्णय दहा वर्षांत असा झाला.

तरीही तिथे एक गोष्ट नीट होती. 2025 मध्ये कोणत्याही पक्षाला बाहेर पडता येईल, अशी तरतूद मूळ करारातच होती, आणि त्यामुळे 2021 मध्ये प्रवेश घेतलेल्या शेवटच्या तुकडीला त्याच कॉलेजातून चार वर्षे पूर्ण करून 2025 मध्ये पदवी घेता आली. आपल्या 2022 च्या विनियमांतही अभ्यासक्रम पूर्ण करू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बाहेर पडण्याचा मार्ग आणि त्याने मिळवलेल्या श्रेयांकांची ग्राह्यता आधीच स्पष्ट करावी, अशी अपेक्षा आहे. मी वाचलेल्या बहुतेक मसुद्यांत मात्र समाप्तीचे कलम एका ओळीचे असे: कोणताही पक्ष सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकेल. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि सूचना सहा महिन्यांची. उरलेल्या साडेतीन वर्षांत त्या विद्यार्थ्याला कोण शिकवणार, त्याचे शुल्क कोण परत करणार आणि त्याच्या प्रमाणपत्रावर कोण सही करणार, याची उत्तरे त्या कलमातच लिहून घेतली पाहिजेत, आणि ती लिहून घेईपर्यंत मसुदा कुलगुरूंपुढे सहीसाठी जाऊ नये.