तिरका बॉक्स कोणी फिरवला?

शनिवारी जेटीवर आमचा गाण्याचा पहिलाच कार्यक्रम कसा पडला ते निम्म्या मालवणाने समोर बसून बघितलं आणि उरलेल्यांनी व्हिडिओत, म्हणून ते सांगत बसत नाही. रविवारी संध्याकाळी काकीच्या टपरीपुढच्या कट्ट्यावर गाणारा पिंट्या, गिटारवाला बाबल आणि ढोलकीवाला मी, माना खाली घालून चहा पीत होतो. पेटीवाला, म्हणजे दाजींचा पुतण्या, तोंड दाखवायलाच आला नव्हता.

"फर्स्ट गिगला असं होतंच," पकादादा म्हणाला. पकादादा ठाण्याला असतो. वर्षातून दोनदा येतो आणि आला की आम्हाला सुधारतो. "तुमची एनर्जी लो होती. क्राउडशी कनेक्ट व्हायला पाहिजे. आमच्याकडे ठाण्याला..."

"तुमच्याकडे ठाण्याक खारो वारो नाय," दाजी म्हणाले. "ह्या पोरान ढोलकी दुपारी घरात चढवल्यान आणि रात्री जेटीर वाजवल्यान. दमटात कातडा उतारला. आता एनर्जी खय घालतलंस, दोरयेत?"

दाजी तीस वर्षं भजनात पखवाज वाजवतात. माझा कल कुठे आहे ते आताच सांगून टाकतो.

मग ते बाबलकडे वळले. "पेटयेचे सूर थयच्या थय पिळूक येतत? नाय. गिटारीच्यो खुंट्यो पिळूक येतत. मगे कोणी कोणाक लावून घेवचा?"

"मोबाइलवरचो ट्यूनर बरोबर दाखवी होतो, दाजी."

"मोबाइल गाता काय तुझो?"

बाबल गप्प. त्याला दाजींपुढे तोंड नाहीच. दोन गणपतींमागे नेलेली झांज त्याने अजून परत दिलेली नाही.

पिंट्याचं म्हणणं एकच, सगळा दोष साऊंडवाल्याचा. गाणं मध्येच मंद झालं, शिट्ट्या वाजल्या, सगळं त्याच्यामुळे. तेव्हा सर बोलले. सर कोल्हापूरचे, हायस्कुलात विज्ञान शिकवतात, बदली होऊन आले आणि माशांसाठी राहिले. खडू नव्हता म्हणून काडीने धुळीत आकडे मांडले. "आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. समोरची गोदामाची भिंत 50 मीटरवर धरा. जाऊन-येऊन 100. म्हणजे 0.3 सेकंद उशीर. तुमचं गाणं मिनिटाला 120 मात्रांचं, मात्रा अर्ध्या सेकंदाची. अर्ध्या मात्रेहून जास्त मागे राहिलेला आवाज ऐकत पिंट्या गात होता."

"म्हणजे मी भिंतीबरोबर गाय होतंय?"

"भिंत बरी गायली," दाजी म्हणाले.

"आणि माइकचं जाळीचं डोकं मुठीत धरलंस," सर थांबायला तयार नव्हते. "मागून येणारा आवाज अडवायची त्याची सोय असते, ती तू मुठीने बुजवलीस. शिट्टी तुझी आहे."

पिंट्याला ती पोज एका व्हिडिओत आवडली होती. आरशापुढे आठवडाभर तालीम केली होती, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

"पण गाणाऱ्याच्या पायाशी त्याचा त्याला ऐकू यावं म्हणून तिरका बॉक्स असतो ना?" सरांनी विचारलं. "तो असता तर भिंतीकडे कान गेलाच नसता."

"होता," मी म्हटलं. "दुपारी होता. रात्री त्याची पाठ आमच्याकडे होती."

कोणीच बोलेना. पकादादा भजी निवडायला लागला.

"तो... मी फिरवला. पब्लिककडे. मागे ऐकू येत नव्हतं."

मग जे सुरू झालं ते सगळं लिहिता येणार नाही. पिंट्याने गेल्या मे महिन्यातल्या क्रिकेटच्या फायनलला पकादादाने दिलेला वाइड काढला. पकादादाने चिडून दाजींची हरलेली डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, काढली.

"हरलंव," दाजी शांतपणे म्हणाले. "पण बुवा, पेटी आणि पखवाज एका सुरात हरलंव. बुवाची नजर आणि माझो हात, मधी बॉक्स कित्याक व्हयो? तुमी दार लावून चार महिने वाजवलास, तेव्हा एकमेकाक कधी आयकलास? साऊंडवालो भाड्यान गावता. कान खय भाड्यान गावतत?"

यावर पकादादासुद्धा गप्प झाला. दोन घोट चहापुरता.

तेवढ्यात काकी कपबशा गोळा करायला आली. "काय रे पिंट्या, काल दुपारी तासभर 'चेक, चेक' म्हणान आरडी होतस. मगे गावलो काय चेक?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कार्यक्रम ठरवताना आयोजक मानधन म्हणाले होते खरे. नंतर तो शब्द कोणी काढलाच नव्हता. पहिल्यांदा सर हसले, मग दाजी, आणि दाजींचा चहा सरांच्या आकड्यांवर सांडला.

"फर्स्ट गिगला पैसे नसतात रे," पकादादा म्हणाला, "एक्स्पोजर मिळतं."

"काकी," दाजी म्हणाले, "एक्स्पोजर चलता काय गो तुका?"

"सहा चाय, तीन प्लेट भजी," काकी म्हणाली. "रोख."